नवे दप्तर कोणाच्या हाती?

इयत्ता बारावीचा निकाल लागला, की आमच्या वस्त्यांतून घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : मुलाने पुढे काय करावे? त्याचे उत्तर बहुधा शेजारी देतो, नाही तर हमरस्त्यावरचा जाहिरातीचा फलक देतो. अलीकडे या उत्तरात एक नाव वारंवार ऐकू येते, ते म्हणजे माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन. नाव भारदस्त आहे आणि फीही तितकीच भारदस्त असते. कर्ज काढून ती भरण्यापूर्वी, या नावाखाली नेमके काय मिळते आणि ते आमच्या समाजास का हवे, याचा नवदीक्षित कुटुंबांनी शांत चित्ताने विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

जुन्या गावगाड्यात सत्ता कोठे होती? ती पाटलाच्या हुकमात होती, तशीच कुळकर्ण्याच्या दप्तरातही होती. जमीन कोणाची, सारा किती, देणे कोणाचे फिटले, हे दप्तरात लिहिले जाई, आणि लिहिले जाई तेच खरे ठरे. महाराने सरकारी वसूल तालुक्याला सुखरूप पोहोचविला. परंतु दप्तर उघडून वाचण्याचा अधिकार त्याला नव्हता. कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. दप्तर मात्र गेले नाही. ते संगणकात जाऊन बसले. आज सातबारा संगणकावर आहे, शिधापत्रिकेची नोंद संगणकावर आहे, आणि आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही 'महाडीबीटी'च्या द्वारेच करावा लागतो. अर्जात कोणता रकाना असावा, कोणता दाखला ग्राह्य धरावा, कोणाचे नाव यादीतून गळावे, हे ज्या यंत्रणेत ठरते ती यंत्रणा उभी करणारा व चालविणारा माणूस हाच आजचा दप्तरदार होय.

व्यवस्थापन म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. यंत्राला सूचना लिहून देणारा तो प्रोग्रॅमर. कोणती यंत्रणा घ्यावी, तिच्यावर खर्च किती करावा, पुरवठादाराशी करार कोणत्या अटींवर करावा, लोकांची खाजगी माहिती सुरक्षित कशी राखावी, आणि यंत्रणा बंद पडली तर काम कसे चालू ठेवावे, हे ठरविणारा तो व्यवस्थापक. त्याला संगणकशास्त्र हवे, हिशेब हवा, माणसे सांभाळण्याची हातोटी हवी आणि कायद्याचे भानही हवे. २००० चा माहिती तंत्रज्ञान अधिनियम आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा अधिनियम ज्याने वाचलेले नाहीत, त्याच्या हाती लोकांची माहिती सोपविणे धोक्याचे आहे.

ही दृष्टी आम्हांस नवी नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी परदेशी जाऊन ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार तपासला, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ सिद्ध केला. राज्यकर्त्यांच्या हिशेबाच्या वह्या वाचल्याखेरीज राज्य कळत नाही, हे त्यांनी आपल्या अभ्यासविषयांच्या निवडीनेच दाखवून दिले. पुढे ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. केवळ कला व कायदा यांच्या पदव्यांनी समाजाचे फारसे हित साधणार नाही, असे त्यांचे मत होते. कायद्याच्या पदवीवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्याला हे बोल टोचतात. परंतु ते खरे आहेत.

आता मार्ग कोणता? पहिली गोष्ट अशी, की पदवी हाती पडताच कोणी व्यवस्थापक होत नाही. आधी काम शिकावे लागते. म्हणून प्रथम पाया घालणारी पदवी घ्यावी : अभियांत्रिकीतील माहिती तंत्रज्ञान शाखा, संगणकशास्त्रातील बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. त्यानंतर दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष नोकरी करावी, आणि मग व्यवस्थापनाची एम.बी.ए. पदवी घ्यावी. ज्याला तांत्रिक अंगच अधिक आवडते त्याने दोन वर्षांची एम.सी.ए. करावी. अकरावीत गणित सोडण्यापूर्वी या अभ्यासक्रमांच्या पात्रतेचे नियम अवश्य वाचावेत; एकदा बंद झालेले दार पुढे सहज उघडत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून बी.सी.ए. व बी.बी.ए. यांसाठीही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. कॉलेजचे नाव कितीही मोठे असो, त्याला ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे की नाही, हे कागद पाहूनच ठरवावे. नित्याचा, ठरीव साच्याचा प्रोग्रॅम आता यंत्रही लिहू लागले आहे. तेव्हा उथळ प्रमाणपत्रांच्या मागे धावणाऱ्याचे भवितव्य फार उजळ नाही.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. धम्मदीक्षा घेतली तर मुलाची सवलत जाईल, या भीतीने आजही काही कुटुंबे अडखळतात. ही भीती निराधार आहे. एके काळी ती खरी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या अनुसूचित जातींतून बाद होत असे, आणि हा अन्याय तब्बल चाळीस वर्षे चालला. १९९० च्या दुरुस्तीने तो दूर झाला. अनुसूचित जातीचे कुटुंब बौद्ध झाले तरी त्याचा हक्क अबाधित राहतो.

परंतु येथेच एक खाचखळगा आहे. जातीच्या रकान्यात केवळ 'बौद्ध' असे लिहिलेला दाखला घेऊन आमची मुले केंद्रीय संस्थांच्या दारात जातात आणि परत फिरतात. कारण बौद्ध हा धर्म आहे, आदेशातील यादीत ते नाव नाही. त्या नमुन्यात पूर्वाश्रमीची जात आणि बौद्ध धर्म अशी दोन्ही नोंद लागते. "जी जात आम्ही टाकली ती पुन्हा का लिहावी?" असा संतप्त प्रश्न एका पित्याने आम्हांस विचारला होता. त्यांचा संताप आम्हांस समजतो. परंतु तो दाखला म्हणजे जातीची कबुली नव्हे. पिढ्यान् पिढ्या झालेल्या अन्यायाचा तो न्यायालयीन पुरावा आहे. पुरावा फाडून टाकल्याने अन्याय मिटत नाही, फक्त दावा बुडतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधण्यास आणि पडताळणी समितीकडे अर्ज करण्यास अकरावीतच आरंभ करावा. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात धावणाऱ्याची जागा कागदाअभावी जाते.

तिसरी गोष्ट पैशाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लक्षांच्या आत असावे लागते. त्यावरील उत्पन्नासाठी राज्याची फीमाफीची स्वतंत्र योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांस 'स्वाधार' योजना आहे. परंतु व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, की हे आधार सुटतात. दलालाने मिळवून दिलेली जागा ही अशीच असते, हे विसरू नये.

आणि एक कठोर सत्य. शिक्षणसंस्थांत आरक्षण आहे, सरकारी नोकरीत आहे. खाजगी कंपन्यांत ते नाही, आणि या क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या तेथेच आहेत. तेथे आमच्या मुलांना ओळखीपाळखीचा आधार नसतो. म्हणून जे अगोदर पोहोचले त्यांनी मागून येणाऱ्यांचा हात धरावा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर इंग्रजी, गणित व मुलाखतीची तयारी करून घेणे, हेही धम्मकार्यच होय.

शेवटी, मुलाची शाखा ठरविण्यासाठी पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाणारे बौद्ध घर आम्ही पाहिले आहे. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याला हे शोभत नाही. मुलाची आवड, त्याचे गुण, घरची ऐपत आणि बाजारातील मागणी, या चार गोष्टी समोर मांडून निर्णय घ्यावा. आणि मुलगी हुशार असेल तर तिच्या शिक्षणाचा पैसा भावासाठी राखून ठेवू नये. आमच्या पूर्वजांनी दप्तराचे ओझे वाहिले. आमच्या लेकींनी व लेकांनी ते उघडावे, वाचावे, आणि त्यात कोणावर अन्याय होणार नाही अशा रीतीने लिहावे.

जय भीम !