धावावं की सायकल चालवावी?

हा प्रश्न आता आमच्या स्टाफरूममध्येही निघतो आणि फजरनंतर चहाच्या टपरीवरही. विचारणारे बहुतेक चाळिशीपुढचे, कारण साखर आणि बीपी घरोघरी पोहोचलं आहे.

हिशेब सोपा आहे. ताशी 8 किलोमीटरने धावताना शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सुमारे आठपट ऊर्जा वापरतं. ताशी 15 किलोमीटरच्या निवांत सायकलीला त्याहून कमी लागते. ज्याच्याकडे वीसच मिनिटं आहेत, त्याने धावावं. पण धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. पंच्याण्णव किलोच्या माणसाने एकदम धावायला सुरुवात केली तर आठवड्यात गुडघा धरून बसेल. त्याने आधी चालावं, सायकल चालवावी. सीट मात्र उंच हवी. पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे सीट खाली दाबून ठेवतात आणि मग गुडघेदुखीचा दोष सायकलीला देतात!

याला दुसरी बाजूही आहे. हाडं भार पडल्यानेच मजबूत होतात आणि तो भार सायकलीवर पडत नाही. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, म्हणजे धावण्याची, निदान झपझप चालण्याची गरज त्यांनाच जास्त.

आणि टपरीवरच्या चर्चेत नेमक्या त्याच नसतात. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषितांची (स.) धावण्याची शर्यत झाली, पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले, ही हदीस सगळ्यांना पाठ आहे. तरी मोहल्ल्यातली बाई झपझप चालू लागली की लोक माना वळवून बघतात. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं. आमच्या मुलींनी त्याचा सराव कुठे करायचा, गच्चीवर?

मुलींसाठी माझं मत सायकलीकडे झुकतं. सायकलीवर शाळा गाठता येते, क्लास गाठता येतो, रिक्षाचे पैसे वाचतात आणि वर व्यायाम होतो. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकल देतं. पण कित्येक घरांत मुलगी दहावीत गेली की ती सायकल भावाकडे जाते. कारण सांगतात, बुरखा चाकात अडकेल. अहो, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवली की प्रश्न मिटतो. मिस्त्री एका दुपारी करून देतो.

राहिला प्रश्न धावण्याच्या जागेचा. शाळांची मैदानं सकाळी सहा ते सात रिकामीच असतात. मोहल्ल्यातल्या शाळेच्या कमिटीने आठवड्यातले तीन दिवस तो तास बायका-मुलींसाठी राखावा आणि गेटवर एखादी मावशी बसवावी. पुढच्या मीटिंगमध्ये पालकांनी हा विषय काढाच.