अळिंबीचा चहा : प्यायचा कोणी आणि पिकवायचा कोणी?

आपल्याकडे चहाचे प्रकार किती? साधा, स्पेशल, अद्रकचा, आणि शुगरवाल्याचा बिनसाखरेचा. त्यात आता अळिंबीचा चहा येऊन बसला आहे. तो टपरीवर मिळत नाही. पुडीतून येतो, ओळखीच्या माणसाच्या हातून येतो, नाही तर मोबाईलवरच्या चित्रफितीतून येतो. साखर, बीपी, गुडघे, किडनी, कॅन्सर, सगळ्यांवर एकच पुडी. आणि पुडी देणाराच पुढे विचारतो, "भाऊ, प्यायचं काय घेऊन बसले, पिकवा ना! माल आम्हीच उचलतो." दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येतात, तेव्हा दोन्हींचा विचार एकत्रच केलेला बरा.

पहिल्यांदा ही अळिंबी कोणती ते पाहू. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निघणारी ती ही नव्हे. ज्यांना कोणी टेकोडे म्हणतो, कोणी सात्या म्हणतो, ती खायची भाजी. चहाची अळिंबी वेगळी. त्यात मुख्य नाव रेशीचे, म्हणजे गॅनोडर्मा. ती लाकडासारखी कडक, वरून लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत आणि चवीला कडू जहर. चीन आणि जपानमध्ये ती शेकडो वर्षांपासून औषधात आहे. दुसरे नाव कॉर्डिसेप्स. हिमालयात अळीच्या अंगातून उगवणारी 'कीडाजडी' ती हीच, आणि तिची प्रयोगशाळेतली बहीण काचेच्या बरणीत वाढवतात. तिसरी चागा, थंड मुलखातल्या भूर्ज झाडांवरची काळी गाठ. आपल्या महाराष्ट्रालाही हा प्रकार अगदी परका नाही. कोकणात फणसाच्या खोडावरची कडक अळिंबी सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात, तिला फणसोंबा म्हणतात. म्हणजे अळिंबीत औषधी गुण असू शकतो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. भानगड आहे ती पुडीवरच्या दाव्यांची.

चहा म्हटले तरी हा खरा काढाच आहे. रेशीचे वाळलेले काप पाण्यात टाकून मंद आचेवर तास-दोन तास उकळतात, पाणी आटवतात आणि गाळून पितात. एवढा वेळ कशाला? तर अळिंबीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, ज्यापासून किड्यांचे कवच बनते तेच द्रव्य. ती भिंत गरम पाण्यात बराच वेळ शिजल्याशिवाय आतले बीटा-ग्लुकान हे द्रव्य सुटत नाही. कडू द्रव्ये तर पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतात. आपल्या वैद्यांनीही काढ्याला पाणी चतुर्थांश, अष्टमांश उरेपर्यंत आटवायला सांगितले ते उगाच नाही. आता तुम्हीच सांगा, कपभर पाण्यात दोन मिनिटे पुडी बुडवून त्यातून काय उतरणार? रंग उतरतो आणि पैसे उतरतात.

पुडीत तरी अळिंबीच आहे याची खात्री काय? अमेरिकेत रेशीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या १९ मालांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले फक्त ५ लेबलाला धरून निघाले. जिथे तपासणीची सोय इतकी, तिथे ही गत. आपल्या आठवडी बाजारात काय असेल ते ज्याचे त्याने समजावे.

मग गुण आहे की नाही? जपानने अळिंबीपासून काढलेली दोन औषधे कॅन्सरच्या उपचाराला जोड म्हणून मंजूर केली होती, एक १९७७ मध्ये आणि दुसरे १९८५ मध्ये. पण ती शुद्ध केलेली औषधे, दवाखान्यात, डॉक्टरच्या हातून आणि केमोथेरपीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे. चहाची गोष्ट निराळी. औषधांच्या चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने रेशी आणि कॅन्सरवरच्या पाच चाचण्या, मिळून ३७३ रुग्ण, तपासल्या. कॅन्सरवरचा मुख्य उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष. चालू उपचाराला जोड म्हणून विचार होऊ शकतो, एवढेच ती म्हणते. याच संस्थेने २०१५ मध्ये मधुमेही लोकांवरच्या पाच चाचण्या पाहिल्या. त्यात साखरेवर काही उपयोग झाल्याचे दिसले नाही. कीडाजडीची कीर्ती झाली ती १९९३ साली चीनच्या धावपटू मुलींनी विक्रम मोडले तेव्हा. त्यांचे प्रशिक्षक जडीचे गुण गात होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी याच प्रशिक्षकांच्या सहा मुली रक्ततपासणीत संशय आल्याने संघातून वगळल्या गेल्या, ती बातमी मात्र जाहिरातीत कोणी छापत नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. तेल्हारा तालुक्याचा वरचा भाग वान नदीचा, सातपुड्याच्या गोड्या पाण्याचा. खालचा, पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. या पट्ट्यात किडनीचे दुखणे किती घरांत आहे हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. डायलिसिससाठी अकोल्याच्या खेपा करणारा माणूस प्रत्येक गावात कोणी ना कोणी ओळखतो. असा माणूस हताश असतो, घरचेही हताश असतात आणि "किडनी धुऊन काढते" असे म्हणणारी पुडी नेमकी त्याच घरी जाते.

तर नीट ऐका. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईंची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये छापून आली. यकृताच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर त्या चागाची भुकटी रोज चार-पाच चमचे घेत होत्या. सहा महिने घेतली. किडनी निकामी होऊन त्यांना डायलिसिसवर जावे लागले. किडनीचा तुकडा तपासला तेव्हा आत ऑक्झलेटचे खडे सापडले. चागात ऑक्झलेट भरपूर असते. कोरियातूनही अशीच नोंद २०२० मध्ये आली. म्हणजे जी वस्तू किडनीसाठी म्हणून विकतात तीच किडनी घेऊन जाते. रेशीने असे केल्याचे मी म्हणत नाही. तिची तऱ्हा वेगळी : ती रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा परिणाम वाढवू शकते, आणि थायलंडमध्ये रेशीची भुकटी घेतल्यानंतर यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याची नोंद २००७ ची आहे. अशा घटना थोड्या आहेत, पण ज्याचे क्रिएटिनिन आधीच चढलेले त्याने हा जुगार का खेळावा?

"वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार" हे वाक्य आपण करोनाच्या काळात खूप ऐकले. (अळिंबी वनस्पतीही नव्हे, ती बुरशी.) त्या वेळी घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे पाहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असे म्हटले. वाद कोणी जिंकला ते सोडा. तज्ज्ञांतही वेल ओळखण्यावरून वाद होतो, तर मळ्याच्या धुऱ्यावर तोडणाऱ्याची काय कथा.

जंगलातली अळिंबी आणून चहा करण्याचा विचार तर डोक्यातही आणू नका. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळिंबी खाऊन १३ माणसे दगावली. विषारी अळिंबीचे जहाल विष उकळून जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तासांनी ओकाऱ्या, हगवण. मग मधेच बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि आत यकृत नासत असते. असे कोणाला झाले तर बरे वाटण्याची वाट न पाहता उरलेल्या अळिंबीसकट दवाखाना गाठावा.

आता पिकवण्याचे. कॉर्डिसेप्सची खोली सांगतात तेव्हा "लाखात किलो" हा भाव सांगतात. तो भाव हिमालयात रानात सापडणाऱ्या कीडाजडीचा. बरणीत तांदळावर वाढवलेल्या तिच्या बहिणीचा नाही. शिवाय त्या बरणीला १८ ते २२ अंशांची खोली चोवीस तास लागते, निर्जंतुक हवा लागते, ऑटोक्लेव्ह लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. एसी बंद पडला की बॅच गेली. रेशी त्या मानाने उष्ण हवेची आहे, लाकडाच्या भुशावर येते, पण दमट हवा भरपूर लागते आणि तिला भाजी म्हणून गिऱ्हाईक नाही. विकली नाही तर ती घरी खाताही येत नाही, हा मुद्दा लक्षात घ्या.

"माल आम्ही उचलू" या शब्दांवर विदर्भाने सफेद मुसळीचा अनुभव घेतलेला आहे. बेणे महाग विकणारे पुष्कळ होते, कंद विकत घेणारे शोधावे लागले. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ कोंबड्यांचे तेच झाले. या सगळ्यांत खूण एकच : ज्याचा नफा तुम्हांला बियाणे आणि सामान विकण्यात आहे, त्याला तुमच्या मालाची घाई नसते. करार कागदावर मागा. भाव, प्रत, उचलण्याची तारीख आणि माल न उचलल्यास भरपाई लिहून मागा. मागच्या वर्षी ज्याचा माल घेतला अशा दोन शेतकऱ्यांकडे जाऊन या, फोनवर नव्हे, पायाने.

आणि औषधी पीकच करायचे तर आपल्या पायाखाली काय आहे तेही पाहा. पानपिंपळी हे अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्याचे जुने पीक. पानमळ्यातल्या बारी समाजाने ते पिढ्यान्पिढ्या जपले. सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटू कोणत्याही वैद्याच्या फडताळात असते. त्याची बाजारपेठ, त्यातले चढउतार आपल्याला माहीत आहेत. तेही पीक कष्टाचे आहे, पण निदान अनोळखी नाही.

अळिंबीच करायची हौस असेल तर धिंगरी करा. सोयाबीनचे कुटार आपल्याकडे ढिगाने पडलेले असते. ते भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशव्यांत बियाण्याचे थर द्यायचे. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पहिली तोडणी येते. किलोभर कोरड्या कुटाराला अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी मिळते. पाऊस लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा मानवते, उन्हाळ्यात नाद करू नये. ताजी विकली नाही तर वाळते, मात्र दहा किलोंची एक किलोच होते हे धरून हिशेब करा. प्रशिक्षणाला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात चौकशी करावी. रेशीचीच माहिती हवी असेल तर हिमाचलातल्या सोलनला केंद्र सरकारची अळिंबी संशोधन संस्था आहे.

ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच), सरपंच आणि आशाताईंसाठी दोन गोष्टी. सभागृह अशा पुडीवाल्यांच्या मेळाव्याला देण्याआधी पुडी हातात घेऊन वाचा. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हवा आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापलेले हवे. ते छापून वर तोंडाने कॅन्सर, मधुमेह बरा करतो म्हणणे, जाहिरात करणे हे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात बसत नाही. माणसे जोडा आणि कमिशन घ्या अशी साखळी २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंद केली आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, फसवणूक झालेल्या ग्राहकाला १९१५ या क्रमांकावरही. आणि आशाताई, घरभेटीत रुग्णाच्या गोळ्या विचारता तसे "काढा, चहा, पुडी काही चालू आहे का?" हेही विचारा. माणूस डॉक्टरला ते आपण होऊन सांगत नाही. त्याला ते औषध वाटतच नाही.