पाच लाखांचं कार्ड आहे, तपासणी कुठाय?

एसटी स्टँडच्या मुतारीपासून गावाच्या वेशीपर्यंत आमच्याकडे एक भिंत मोकळी नाही. 'मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज', खाली मोबाईल नंबर. साठी-सत्तरीच्या माणसाला संडासवाटे रक्त पडलं की तो आधी हाच नंबर लावतो. डॉक्टरपुढे धोतर सोडायची लाज, आणि सुनेला तर सांगताच येत नाही. मग पुड्या, मलम, तिखट बंद. वर्ष जातं. भिंती रंगवणाऱ्यांना कोणी विचारत नाही, तो वेगळाच विषय आहे.

रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचंच असतं, मान्य. पण पन्नाशीनंतर ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचंही असू शकतं आणि नुसतं ऐकून ते कोणालाच सांगता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. दुर्बीण घालूनच बघावं लागतं. हा कॅन्सर काही एका रात्रीत होत नाही हो. आतड्यात आधी छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तोवर तो दुर्बिणीतूनच कापून काढता येतो. इतकी सवड देणारे कॅन्सर थोडेच.

जपानमध्ये 1992 पासून चाळिशीपुढच्यांची शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी होते. इंग्लंडात 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी किट पोस्टाने घरी येतं, फुकट. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांचे तीन कॅन्सर तपासतात: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. मोठं आतडं यादीतच नाही.

यावरचं ठरलेलं उत्तर असं, की भारतात हा कॅन्सर तिकडच्यापेक्षा कमी, सरसकट तपासणी परवडणार नाही. मला ते पटतं. नव्वदीच्या खंगलेल्या आजोबांना दुर्बीण घालून कोणाचंच भलं होत नाही. पण ज्याला रक्त पडतंय, ज्याच्या सख्ख्या भावाला हाच आजार झालाय, त्याचं काय? त्याला सरसकटमध्ये कशाला ढकलता?

सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं 5 लाखांचं कार्ड दिलंत, चांगलं केलंत. पण ते दाखल होणाऱ्याला. ओपीडीत नुसती दुर्बीण घालून घ्यायची तर खासगीत पैसे खिशातून, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती सोय नाही. म्हणजे गाठ वाढून ऑपरेशनला आली की सरकार पैसे भरणार, कोंब असताना नाही. हा कुठला हिशेब?

आणि आता उद्या किट वाटपाचे फोटो काढू नका. शौचात रक्त सापडलं आणि पुढे दुर्बीणच नसली तर तो रिपोर्ट रद्दीच. आधी जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार द्या. आशाताईंना साठीपुढच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सांगा, आणि त्या कामाचे पैसेही द्या, फुकट राबवू नका.

माझ्याकडे दर महिन्याला कोणा ना कोणा नेत्याच्या महाआरोग्य शिबिराची प्रेसनोट येते. बीपी, शुगर, चष्मेवाटप, सत्कार. पुढची आली की मी फोन करून विचारणार आहे: संडासवाटे रक्त पडतं म्हणणारे किती निघाले, आणि त्यातले किती दुर्बिणीपर्यंत पोचवलेत? आकडा मिळाला तर इथेच टाकतो. नाही मिळाला तर तेही टाकतो.