ओटी, माजघर आणि वाय-फाय

आमच्या सदराच्या काही वाचकांची तक्रार आहे की, मी आठवड्यामागून आठवडे जुन्या टेलिफोन खात्याच्या गोष्टी उगाळत बसतो. तेव्हा दिवाळी अंकासाठी तरी जरा नवा विषय घ्या, अशी संपादकांनी प्रेमळ तंबी दिली. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. यंदाच्या मे महिन्यात तो गुहागरहून आपल्या पायांनी चालत आला, आणि तोही आमसुलांच्या निमित्ताने.

गुहागरला माझी धाकटी बहीण आणि मेहुणे 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' चालवतात. घर तिकडच्या रिवाजाचे. रस्त्याला लागून घर, मागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी आणि वाडी संपली की समुद्र. जुन्या घरात पाहुण्यांच्या चार खोल्या आणि वाडीच्या टोकाला अलीकडे बांधलेल्या दोन. मे महिन्यात सगळ्या भरलेल्या.

एका दुपारी आभाळ अवचित भरून आले. वाडीतल्या खोलीतले एक तरुण पाहुणे धावत स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "काकू, मागच्या अंगणातली आमसुलं भिजायला लागलीत!" झाले! बहीण, स्वयंपाकाच्या मावशी, भांडी घासणारी पोर अशा सगळ्याजणी धावल्या. आमसुले वाचली. पाहुण्यांना कोकम सरबताचा जादा पेला मिळाला. रात्री आवरासावर करताना मावशींच्याच मनात आले, की ते गृहस्थ बसले होते वाडीच्या टोकाला. तिथून मागचे अंगण दिसत नाही. मग यांना आमसुले दिसली कुठून?

सकाळी विचारले. माणूस सज्जन निघाला. किंचित ओशाळून त्याने आपला फोन पुढे केला. त्यात अंगण दिसत होते, वाळत घातलेली लुगडी दिसत होती आणि न्हाणीघराचे दारही दिसत होते. नारळ चोरीला जातात म्हणून मेहुण्यांनी जो कॅमेरा लावला होता, त्याचे चित्र घराच्या वाय-फायवर आलेल्या कोणालाही पाहता येत होते. हा गृहस्थ टीव्हीवर सिनेमा लावायला गेला, तेव्हा टीव्हीऐवजी यादीत कॅमेऱ्यांचे यंत्र हाती लागले. त्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच होता. याने सहज करून पाहिला आणि ते उघडले.

"याने सांगितलं तरी," बहीण फोनवर म्हणाली, "आधी किती जणांनी पाहिलं असेल, दादा?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी पिशवी भरली आणि चिपळूणची गाडी पकडली.

जाऊन पाहतो, तर वाय-फायचा शब्द ओटीवर 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीखालीच रंगवलेला. घराचे नाव आणि पुढे १२३. पुण्याच्या भाच्याने चार वर्षांपूर्वी फोनवरून सांगून तो बसवला होता आणि तेव्हापासून तो बदललेला नव्हता. त्याच एका शब्दावर पाहुणे, नोकरमाणसे, कॅमेरे, टीव्ही, बिलांचा संगणक आणि छपाईचे यंत्र. संगणकात पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या नकला. म्हणजे चार वर्षांत जो जो पाहुणा जेवून गेला, त्या प्रत्येकाच्या खिशात घराची किल्ली होती.

ही काही गुहागरचीच गोष्ट नव्हे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्व्यापी प्रोग्रॅमने कारखान्यातले शब्द न बदललेले असे हजारो कॅमेरे जगभरातून कब्जात घेतले. ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या एका कंपनीवर असा मारा झाला की, मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. आणि त्याहून जवळचे उदाहरण हवे, तर २००८ च्या जुलैत अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी धमकीची ई-मेल गेली, ती नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या उघड्या वाय-फायवरून. पोलीस आले ते त्याच्या दारात. पुढे २००९ साली दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना, सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याविषयी सूचना दिल्या. हे ऐकवल्यावर मात्र मेहुण्यांनी स्वतः रंगाचा डबा आणून पाटीवरची ती ओळ पुसली.

मग आराखडा. मेहुण्यांना वाटले, मी डबे आणि रेघा काढीन. मी त्यांच्या घराचाच नकाशा काढला. म्हटले, तुमच्या आजोबांनी हे घर बांधले तेव्हा आलेला माणूस कुठवर यायचा हे त्यांनी भिंतींनीच ठरवून टाकले. आला-गेला ओटीवर बसेल. माजघरात घरचे वावरतील. मागच्या पडवीत कामाची माणसे बसतील, त्यांचे तिथे चहापाणी होईल. आणि कोठीची खोली कुलपातच राहील. तेवढेच वाय-फायला शिकवायचे. पाहुण्यांचे जाळे ही ओटी. बिलांचा संगणक, छपाईचे यंत्र आणि जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचा टॅब हे माजघर. माणसांचे स्वतःचे फोन मागच्या पडवीत, आणि कॅमेरे कोठीत. माजघरातून कोठीत जाता येईल, ओटीवरून नाही. आणि ओटीवर बसलेल्या पाहुण्यांनीही एकमेकांच्या पिशव्यांत डोकावायचे नाही, एवढा बंदोबस्त त्या जाळ्यात वेगळा करावा लागतो. त्याने फोनवरचे चित्र टीव्हीवर पाठवणे बंद पडते. पडेना! टीव्ही स्वतःच सिनेमे दाखवतो.

"म्हणजे चार लाइनी घ्यायच्या?" मेहुण्यांचा चेहरा पडला.

लाइन एकच. टपालाच्या डब्यातून एकाच गाडीने चार गावांच्या थैल्या जातात, प्रत्येक थैलीला आपापली चिठ्ठी. वाटेतल्या माणसाने चिठ्ठी वाचून थैली उतरवायची. या जाळ्यातही माहितीच्या प्रत्येक पुडक्याला क्रमांकाची चिठ्ठी लागते. फक्त मधली यंत्रे ती चिठ्ठी वाचणारी हवीत. कंपनीने लाइनीबरोबर दिलेल्या साध्या डब्याला ती बहुधा वाचता येत नाही, म्हणून एक राउटर आणि एक स्विच तेवढे नवे घेतले. आणि पाहुण्यांचा एकच कायमचा शब्द बंद. नोंदवहीत नाव लिहिताना प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यायची, खोली सोडली की ती चिठ्ठी बाद.

मेहुण्यांची सूचना होती, की माजघराच्या जाळ्याचे नावच लपवून ठेवावे. तसे करता येते, पण शोधणाऱ्याला ते चटकन सापडते. लपवलेल्या नावापेक्षा लांबलचक शब्द बरा.

आता माझ्या आवडीचा भाग. वाचकांनी क्षमा करावी, इथे टेलिफोन येणारच. जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड. वाय-फायच्या लहरी दोन जातींच्या. ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण नाजूक, एका चिऱ्यातच दमते. २.४ ची संथ पण दांडगी, ती दोन भिंती तरी ओलांडते. तिच्यात एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे डबे त्यांतच गर्दी करतात. म्हणून एकच मोठा डबा ओटीवर ठेवून तो जोरात ओरडेल अशी आशा करण्यापेक्षा, तीन लहान डबे छताला लावावेत आणि त्यांना हळू बोलायला सांगावे. त्यांना वीज वेगळी द्यावी लागत नाही, माहितीच्याच तारेतून जाते. सुमारे ४८ व्होल्ट. माझी उभी हयात ज्या खात्यात गेली, तिथे आमचा काळा टेलिफोनही याच दाबावर, त्याच तारेतून जगत असे. घरात वीज गेली तरी तो बोलायचा. तोच आकडा इतक्या वर्षांनी पुन्हा भेटला, तेव्हा जुना सहकारी भेटावा तसे वाटले. स्विचसुद्धा इन्व्हर्टरवर टाकला. कोकणातल्या विजेविषयी अधिक न बोललेले बरे.

दुसऱ्या विजेविषयी मात्र बोलले पाहिजे. वाडीतल्या खोल्या घरापासून साठेक मीटर. तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणून भाच्याने पोफळींना बांधून तीच नेली होती. वैशाखात आणि परतीच्या पावसात तिकडे विजा कडाडतात, आणि दोन इमारतींमधली तांब्याची तार म्हणजे त्यांना घरात यायचे आमंत्रण. एक डबा असा जळालाही होता. आम्ही जमिनीखालून नळीत घालून काचेच्या तंतूची तार नेली. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही.

हे सगळे दोन दिवसांत उरकले. तिसरा दिवस मात्र मावशींनी खाल्ला.

कामाच्या माणसांचे जाळे वेगळे म्हटल्यावर मावशींनी फोन पदराखाली घेतला आणि त्या बोलेनात. संध्याकाळी बहिणीला म्हणाल्या, "बाय, वीस वर्षं कोठीची किल्ली माझ्या कमरेला. आता माझा फोन भायेर बसवता? आमसुलं मी फोडली काय कोणाला?"

मला बोलावे लागले. म्हटले, मावशी, अविश्वास तुमच्यावर नाही, फोनवर आहे. फोन घरोघर हिंडतो, वाटेत कोणी काही पाठवले की उघडतो, आणि मग काय घेऊन घरात येतो ते तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. "मग मालकांचा फोन?" त्यांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. मेहुण्यांच्या फोनवर नातवाने उतरवलेले अठरा खेळ होते. मेहुणे गुरगुरले, "मी मालक आहे." मी त्यांचा फोन घेऊन मागच्या पडवीच्या जाळ्यावर टाकला. मग बहिणीचा, मग माझा. माजघरात आता माणसाचा एकही फोन नाही. मावशी इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. "मालक मागल्या पडवीत!" हे त्या रात्री शेजारच्या घरापर्यंत पोचले.

नोकरांना वाय-फाय कशाला, व्हिडिओ बघत बसतील, असा एक आक्षेप मेहुण्यांचा होता. त्याला उत्तर भांडी घासणाऱ्या पोरीने दिले. ती बारावीला आहे, तिच्या घरी फोनला रेंज येत नाही, आणि काम आटोपले की तासभर पडवीत बसून ती शिकवण्या ऐकते. या जाळ्याला रात्री दहानंतर कुलूप लावायचे ठरले होते, ते लावले नाही.

निघण्यापूर्वी मी पाहुण्याची चिठ्ठी घेऊन वाडीतल्या खोलीत बसलो आणि तासभर चोरासारखी दारे ढकलून पाहिली. कॅमेरे दिसेनात, संगणक दिसेना. मोठ्या ऐटीत उठणार तोच यादीत एक अनोळखी नाव दिसले. छपाईचे यंत्र स्वतःचे वेगळे वाय-फाय प्रसारित करीत बसले होते, कोणालाही न विचारता! ते बंद केले.

परत ओटीवर आलो तो बहीण शिडीवरून उतरत होती, हातात अंगणातला कॅमेरा. मी म्हटले, अगं, आता तो कोणाला दिसत नाही, राहू दे. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नारळ नेतील ते नेऊ देत. आमसुलांवर नजर ठेवायला मी आहे."