पुस्तक खरे, पडदा खोटा?

मुलांना घरी इतिहास शिकवताना इंटरनेटचा आधार घ्या म्हटले, की तीन आक्षेप हमखास येतात: तिथे खोट्याचा सुळसुळाट आहे, शाळेचे पुस्तक पुरेसे आहे, अस्सल साधने मुलांना झेपत नाहीत. तिन्ही आक्षेप मुलांच्या काळजीपोटीच घेतले जातात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. शिवकालाच्या नावाने भडक चित्रफिती आणि कुणी कधी न उच्चारलेली वाक्ये रोज फोनवर येऊन आदळतात. पण म्हणून छापील ते सगळे खरे, असे ठरते का? एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून पुस्तकांत छापले जात होते. इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३मध्ये महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा ती चूक उजेडात आली. चूक छापखान्यातही होते आणि अस्सल साधन सापडले की ती सुधारते. आज गोवळकोंडा शैलीतले महाराजांचे सतराव्या शतकातले चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर कुठलेही मूल मोठे करून पाहू शकते. फोनवर आलेले बनावट चित्र ओळखायला याहून चांगला धडा कोणता?

दुसरा आक्षेप पुस्तकाच्या पुरेपणाचा. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना इतिहासाचा लळा लावला, हे ऋण मोठे आहे. पण पाठ्यपुस्तक निष्कर्ष सांगते. तो कसा निघाला हे सांगायला त्यात जागा नसते. महाराजांचे जन्मवर्ष पूर्वी बखरींच्या आधारे १६२७ मानले जाई. लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे शकवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली आणि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही नोंद अभ्यासकांपुढे आली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तिथून आली. ती पाठ करणारी मुले लाखो आहेत. ती कशी ठरली हे किती जणांना सांगितले जाते?

तिसऱ्या आक्षेपाला हीच नोंद उत्तर देते. ती जेमतेम एका ओळीची आहे. शकात ७८ मिळवले की १६२९ येते, मग १६३० कसे? फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. दहा वर्षांच्या मुलाला हे गणित सहज जमते, आणि एकदा जमले की इतिहासातली तारीख त्याची स्वतःची होते.

म्हणून घरच्या अभ्यासाची सुरुवात साधनापासून करावी. राज्याभिषेकाचेच घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळात जिंजीला लिहिलेली बखर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येते. १६७४मध्ये रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याचा वृत्तान्तही जुन्या ग्रंथांत मिळतो. सभासद बत्तीस मणांचे सोन्याचे सिंहासन सांगतो. ऑक्झिंडेन सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे आणि तराजू टिपतो. दोन्ही उतारे समोर ठेवून मुलाला तीन प्रश्न विचारावेत: कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले? एक महाराजांच्या पदरचा माणूस, दुसरा व्यापाराचा करार करायला आलेला परका. दोघांना वेगळे का दिसले, हे मूल स्वतःच शोधू लागते.

मराठीत जालावर काही नाही, ही तक्रारही टिकत नाही. मराठी विश्वकोश, बालभारतीची पुस्तके, इतिहासकार राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे घरबसल्या उघडता येतात. गॅझेटियरमध्ये आपला तालुका शोधायला लावा; इतिहास गावच्या वेशीपर्यंत येतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाला तर मराठी ग्रंथालय जवळ नसते, त्याच्यासाठी हाच मोठा आधार.

एक अट मात्र पालकांनी पाळावी: मुलाच्या हाती फोन देऊन उठून जाऊ नये, शेजारी बसावे. बंदी घातली तर खोटे थांबत नाही, फक्त ते मुलाला एकट्याला गाठते. ‘हे कशावरून?’ असे विचारायची सवय ज्याला घरात लागली, त्याला उद्या कुणी महाराजांच्या नावाने भडकवू शकणार नाही. महाराष्ट्राला आज अशा मुलांची निकड आहे.