मत पोस्टात टाकायचं का?

मतदानाच्या दिवशी तुम्ही कुठे होता? नाव गावच्या यादीत, तुम्ही शहरातल्या हॉस्टेलवर, दुसऱ्या दिवशी सबमिशन. ‘पोस्टानं मत पाठवता आलं असतं तर दिलं असतं ना राव!’ असं तुमच्यापैकी अनेकांनी म्हटलं असेल. सैनिकांना, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना टपाली मत देता येतं. मग आम्हाला का नाही?

प्रश्न रास्त आहे. पण जिथे ही पद्धत मुरली आहे, तिथे आधी डोकावू या. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९८ साली लोकांनीच कौल देऊन ती स्वीकारली. मतपत्रिका घरी येते. ती भरून पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची. ही सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिल्यावरच मत मोजणीला जातं.

घोटाळे होत नाहीत? होतात. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका उमेदवारासाठी काम करणाऱ्यांनी घरोघरी फिरून टपाली मतपत्रिका गोळा केल्या. फरक अवघ्या ९०५ मतांचा होता. गडबड उघड झाली आणि पुन्हा निवडणूक घ्यावी लागली.

आणि टक्का? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये तीन राज्यांचा अभ्यास मांडला. सरसकट टपाली मतदानामुळे टक्का वाढला, पण साधारण दोनानेच.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. मतदान केंद्रातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुम्ही एकटे असता. ना बाबा, ना दादा, ना सरपंच. मतपत्रिका घरी आली, तर ‘आण इकडे, मी भरतो’ म्हणणारा हात किती घरांत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. हॉस्टेलवर आली, तर ‘भाऊं’ची पोरं रूमवर यायला कितीसा वेळ? ८५ वर्षांवरच्या आजी-आजोबांचं मत घरी घेतात, तेव्हा निवडणूक कर्मचाऱ्यांचं पथक सोबत जातं, ते उगाच नाही.

म्हणून टपाली मताची मागणी जरूर करा, पण तो आडोसा कसा टिकेल, हेही त्यात लिहा. तोवर हातात आहे ते करा. हॉस्टेलच्या पत्त्यावरही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पहिल्यांदा नोंदवताय? फॉर्म ६. गावचं नाव इकडे आणायचंय? फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, या आठवड्यातच भरा.

मग पुढच्या वेळी सबमिशन असलं, तरी मतदान केंद्र चालत जाण्याइतकं जवळ असेल.