सावली काळी नसते, राव!

सावलीचा रंग कोणता? ‘काळा’ असं उत्तर तुम्ही मनातल्या मनात देऊनही टाकलंत ना? फार तर ‘करडा’. चित्रकलेच्या तासाला झाडाखाली काळा खडू घासूनच आपण सगळे मोठे झालो. पण खरं सांगा, हे उत्तर कधी सावलीकडे बघून दिलंय का? की कुणीतरी सांगितलं आणि आपण ते धरून बसलो?

हे उत्तर प्रत्यक्ष बघून देणाऱ्या एका पोराची आज ओळख करून घ्या. वय २८. पैशांची कायम चणचण. सोबत जोडीदार कमीय आणि दीडेक वर्षाचं मूल. नाव क्लोद मोने. १८६८-६९च्या हिवाळ्यात तो फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर एत्रता या गावी राहत होता. तिथे त्याने बर्फाचं एक चित्र काढलं, ‘द मॅगपाय’. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. साधारण तीन फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद.

चित्रात घडत काहीच नाही. बर्फाने झाकलेलं शेत, आडवं गेलेलं काटक्यांचं कुंपण, मागे बर्फाने लगडलेली झाडं आणि घर. डावीकडे लाकडी फाटकावर एकटाच बसलेला काळा-पांढरा मॅगपाय, म्हणजे आपल्याकडच्या टकाचोराचा लांबचा नातलग. माणूस एकही नाही. मग बघायचं काय? बघायचा तो बर्फ. कारण तो पांढरा नाहीये! ऊन पडलंय तिथे फिका पिवळा, कुठे सायीसारखा, कुठे किंचित गुलाबी. सूर्य कुंपणाच्या पलीकडे खाली आलाय, त्यामुळे कुंपणाची सावली आपल्या दिशेने पसरलीये. आणि ती सावली चक्क निळी आहे. निळी, जांभळट. अख्ख्या चित्रात गडद म्हणावा असा तो इवलासा पक्षीच.

हे कविकल्पना म्हणून सोडून देऊ नका, यामागे सरळ बारावीचं फिजिक्स आहे. सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, पण म्हणून तिथे प्रकाशच नसतो असं नाही. वरून आकाशाचा प्रकाश पडतच असतो आणि स्वच्छ आकाश निळं असतं. बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. जे अंगावर पडेल ते तो परत पाठवतो. म्हणून उन्हात तो पिवळसर, सावलीत निळसर. मग आपल्याला रोज का नाही दिसत हे? कारण आपला मेंदू भलता कामसू आहे. पांढरी वस्तू कुठल्याही उजेडात पांढरीच वाटावी म्हणून तो रंगांची परस्पर ‘दुरुस्ती’ करून टाकतो. व्यवहारात ते सोयीचं असतं, पण बघणं तेवढं राहून जातं.

मोनेने ही दुरुस्ती नाकारली. त्यासाठी तो स्टुडिओ सोडून बाहेर जाऊन बसायचा. त्याआधीच्या एका हिवाळ्यात बर्फात रंगवत बसलेल्या मोनेचं वर्णन एका पत्रकाराने लिहून ठेवलंय: अंगावर तीन ओव्हरकोट, हातात मोजे, जवळ पाय शेकायची शेगडी आणि चेहरा अर्धा गोठलेला. हे जमलं त्यात तंत्रज्ञानाचाही हात होता. १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगांसाठी कथलाची ट्यूब शोधून काढली. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. ट्यूब आली आणि रंग झोळीत टाकून शेताच्या बांधावर जाणं सोपं झालं.

आता निकाल ऐका. १८६९मध्ये मोनेने हे चित्र ‘सालों’ला पाठवलं. सालों म्हणजे पॅरिसचं सरकारमान्य प्रदर्शन. तिथे निवड झाली तर नाव, गिऱ्हाईक, पैसा. ज्युरीने चित्र नाकारलं. लक्षात घ्या, याच सालोंमध्ये १८६५ आणि १८६६ साली मोनेची चित्रं लागली होती, कौतुकही झालं होतं. म्हणजे या परीक्षेत पास कसं व्हायचं हे त्याला नीट ठाऊक होतं. घरात तान्हं मूल असताना ठरलेला तपकिरी-काळा रंग भरून तो सुरक्षित राहू शकला असता. त्याने डोळ्यांना दिसलेला निळा भरला. ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द तर तोवर जन्मलाही नव्हता. तो आला १८७४मध्ये, आणि तोही एका समीक्षकाने उडवलेल्या खिल्लीतून.

म्हणूनच इम्प्रेशनिस्ट चित्रांना नुसतं ‘छान छान, कूल’ म्हणून वॉलपेपरवर लावणं मला पटत नाही. कॉफीच्या मगवर छापून छापून आपण त्यांना गोडगोड करून टाकलंय. प्रत्यक्षात ती हट्टी चित्रं आहेत. ‘तुम्ही काय शिकवलंत ते राहू द्या, मला काय दिसतंय ते सांगतो’ असं ती म्हणतात. मॉडेल आन्सर पाठ करून मार्क मिळवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा टोचायलाच हवं.

कुणी म्हणेल, आता हातात कॅमेरा आहे, चित्र कशाला? पण फोनही मेंदूचाच भाऊ. सावल्या उजळवतो, रंग सावरतो आणि ‘परफेक्ट’ फोटो हातात ठेवतो. आपण क्लिक करतो, फिल्टर लावतो, पोस्ट करतो. या सगळ्यात बघितलं कधी?

तर या रविवारी दोन कामं करा. पहिलं: ‘द मॅगपाय’ मोबाइलवर नको, लॅपटॉपवर फुल स्क्रीन उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. दुसरं: आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, ऊन कललं की कोरा पांढरा कागद घेऊन गच्चीवर जा. अर्ध्या कागदावर सावली पडू द्या. मग मुठीची दुर्बीण करून फक्त सावलीचा भाग बघा, लगेच उन्हातला बघा. आभाळ भरून आलेलं असेल तर हे जमणार नाही, त्या दिवशी सोडून द्या.

निळा दिसला तर मित्रांनाही बोलवा. नाही दिसला तरी ‘काळा’ म्हणून मोकळे होऊ नका. कोणता दिसला ते नीट सांगा. उत्तर तुमचं स्वतःचं असलं म्हणजे झालं.